मदत हवी आहे: मुलीला फल्लीदाण्याची अ‍ॅलर्जी. शाळा, तान्हा पोळा आणि ते इंजेक्शन, कसं सांभाळता?

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरला त्रिमूर्तीनगर भागात राहतो. मुलगी साडेपाच वर्षांची, यंदा केजी टू. तिला फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची) अ‍ॅलर्जी आहे, आणि ती नुसती खाज येऊन थांबणारी नाही. उन्हाळ्यात एका नातेवाईकांकडे एकादशीची साबुदाण्याची उसळ दोन घास खाल्ली. आधी ओठ सुजले, मग पाठीवर पित्ताच्या गांधी उठल्या, मग खोकला लागला आणि आवाज घोगरा झाला. दवाखान्यात पोचेपर्यंत पोर मलूल. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनलिन दिलं, थोड्या वेळात चेहऱ्यावर रंग आला. तरी रात्रभर ठेवून घेतलं, कारण काही तासांनी रिअ‍ॅक्शन पुन्हा उलटू शकते म्हणाले.

घरातून फल्ली हद्दपार झाली, तो प्रश्न मिटला. पण बाहेर? नागपुरात दाणे कशात नाहीत ते सांगा. पोह्यांत आहेत, चिवड्यात आहेत, वांग्याच्या भाजीत कूट, सांभारवडीच्या (कोथिंबीरवडीच्या) सारणात कोणी घालतं कोणी नाही. फरसाणवाल्याकडे तळलेले दाणे आणि शेव एकाच कढईतून निघतात. त्यात आता लाकडी घाण्याच्या तेलाची टूम. डॉक्टर म्हणाले, रिफाइंड फल्लीतेलात प्रथिन जवळपास उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं. म्हणजे जे 'शुद्ध' म्हणून कौतुकानं वापरतात तेच आमच्यासाठी वाईट.

आता मुद्द्याचं. ते अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन आता कायम तिच्याजवळ हवं. शाळा महिनाअखेर उघडेल. शाळेचं म्हणणं, 'आम्ही औषध देत नाही, पालकांनी येऊन द्यावं.' मी मिहानला नोकरी करते, हे बुटीबोरीला. आम्ही पोचेपर्यंत काय? व्हॅनवाले काका जिवाला जीव देणारे आहेत, पण सुई म्हटलं की त्यांचे हात कापतात.

दुसरं, त्याच्या अ‍ॅम्प्यूलच्या (काचेच्या कुपीच्या) खोक्यावर २५ अंशांच्या आत ठेवा असं छापलंय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जूनमध्ये पाऊस येईपर्यंत काही खरं नसतं. व्हॅनमध्ये लटकलेल्या दप्तरात ते औषध औषध राहील का? फ्रीजमध्ये ठेवायचं तर बाहेर नेताना काय करायचं?

तिसरं, एका लॅबमधून सासऱ्यांनी कौतुकानं अ‍ॅलर्जीच्या रक्तचाचण्यांचं भलंमोठं पॅनेल करून आणलं. त्यात तूर आणि चणासुद्धा पॉझिटिव्ह! ती रोज वरण-भात खाते, काही होत नाही. बंद करू का? पोरगी मग खाईल काय?

आणि आई (सासूबाई). त्या विरोधात नाहीत, उपवासाचं स्वतःचं सगळं बदललं त्यांनी, भगर आणि राजगिऱ्यावर आल्या. पण त्यांना वाटतं की चिमूटभर कूट रोज देत गेलं की सवय होईल. मी कामावर असताना घरी त्याच असतात. भांडण नकोय, समजावणं हवंय.

तान्ह्या पोळ्याचं तर विचारूच नका. मुलांनी लाकडी नंदी घेऊन घरोघर जायचं, बोजारा म्हणून कोणी पैसे देतं, कोणी चॉकलेट, कोणी चिवड्याची पुडी. गेल्या वर्षी काही माहीत नव्हतं, यंदा माहीत आहे. तिला घरात बसवून ठेवायची माझी इच्छा नाही.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी लिहा. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे कृपया नको, ते रोज ऐकते.

धंतोलीकर: मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला तपासलेलं नाही, म्हणून सर्वसाधारण लिहितो. पक्कं तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

वरण बंद करू नका. जे रोज खाऊन पचतंय ते निव्वळ रिपोर्टवर काढायचं नसतं. फल्ली डाळींच्याच कुळातली, म्हणून चाचणीत तूर-चणा पॉझिटिव्ह येणं नेहमीचं आहे, पण त्यातल्या बऱ्याच मुलांना खाऊन काहीही होत नाही. एक बघा, त्या पॅनेलवर आयजीई लिहिलंय की आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांचे दोन प्रकार)? आयजीजी असेल तर कागद बाजूला ठेवा, अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं निदान त्यावरून होतच नाही. चण्याबद्दल मात्र विचारा: बेसन, फुटाणे खाऊन कधी काही झालंय का? आपल्याकडे चण्याची खरी अ‍ॅलर्जी असलेली मुलं दिसतात.

आजींना सांगा, त्यांची कल्पना अगदीच हवेतली नाही. थोडं थोडं देऊन सहनशक्ती वाढवण्याचा उपचार आहे. पण त्यात मात्रा मिलीग्रॅममध्ये मोजतात, वाढवलेला डोस डॉक्टरांसमोर देतात आणि नंतर मूल नजरेखाली ठेवतात. स्वयंपाकघरातल्या चिमटीत किती मिलीग्रॅम आले हे कोणालाच सांगता येत नाही. 'आई, हे करायचंच तर दवाखान्यात करू' असं म्हणा, बहुतेक आज्या ऐकतात.

इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. १ मिलीलीटरमध्ये १ मिलीग्रॅमचं अ‍ॅम्प्यूल, डोस किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम, मुलांना एका वेळी जास्तीत जास्त ०.३ मिलीग्रॅम. म्हणजे १८ किलोच्या मुलीला ०.१८ मिलीलीटर. एक मिलीलीटरची बारीक खुणांची सिरिंज आणि इंचभर सुई लागते. इन्सुलिनची सुई आखूड पडते. पेनासारखं तयार इंजेक्टर आपल्या मेडिकल स्टोअरमध्ये सहज मिळत नाही, म्हणून ही खटपट. श्वास लागला, आवाज बदलला, सारख्या उलट्या होताहेत, मूल गळपटलं, की आधी अ‍ॅड्रेनलिन, मग १०८. सेटिरिझिन देऊन वाट बघत बसायचं नाही. त्याने खाज जाते, घसा उघडत नाही. मुलीला आडवं ठेवा, पाय वर. दम लागत असेल तर बसतं ठेवा, पण उभं करून चालवू नका.

खामलावाली: माझ्या लेकाला दूध आणि काजू. गरमीचं सांगते. फ्रीजमध्ये ठेवू नका आणि बर्फाला चिकटवून तर नाहीच, गोठलं तर औषध गेलं. इन्सुलिनवाल्यांची ती पाण्यात भिजवायची पिशवी मिळते ना, ती घ्या. कूलरच्या तत्त्वावर चालते, पाणी उडतं तशी आत थंड राहते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, त्यामुळे छान चालते. पावसाळ्यात तेवढी नाही, पण तेव्हा तेवढी गरजही नसते. व्हॅनमध्ये ठेवायचीच नाही. मुलीबरोबर वर्गात जाते, मुलीबरोबर परत येते. उजेडाने पण खराब होतं म्हणून मूळ खोक्यातच ठेवा. गुलाबी-तपकिरी झालं की फेका, आणि स्वच्छ दिसलं तरी तारीख संपली की बदला.

सिरिंज आधी भरून ठेवायची का, हे आमच्या डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलंय. तुम्हीपण विचारा.

आणि सराव संत्र्यावर! खरंच. डिस्टिल्ड वॉटरचं अ‍ॅम्प्यूल आणा, मान मोडा, ओढा, टोचा. अ‍ॅम्प्यूलची मान मोडतानाच हात थरथरतात, सुई नंतरची गोष्ट. आमच्या सासऱ्यांनी अर्धी टोपली संत्री टोचली आणि आता घरात सगळ्यात पक्का हात त्यांचा. व्हॅनवाल्या काकांना एका रविवारी चहाला बोलवा.

बाई_पहिली_अ: शिक्षिका आहे. 'आम्ही औषध देत नाही' यामागे बहुतेक वेळा भीती असते की काही झालं तर आमच्यावर येईल. तोंडी विनंतीने ती जात नाही. डॉक्टरांच्या लेटरहेडवर एक पान घ्या: फोटो, वजन, डोस, कोणती लक्षणं, काय आधी. खाली पालकांची सही, की शाळेने इंजेक्शन द्यावं यास आमची संमती आहे. ते घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, क्लर्कला नाही. वर्गात मी एवढंच करते: डबा आपला आपण खायचा, हात धुवून जागेवर बसायचं, आणि वाढदिवसाला खाऊऐवजी पेन्सिल. पालक आधी कुरकुरतात, मग त्यांनाच स्वस्त पडतं म्हणून खूश!

जुना_नागपूरकर: राग मानू नका, पण आम्ही फल्ली खाऊनच मोठे झालो. मुलांना जपून जपून नाजूक केलं की असं होतं.

धंतोलीकर: भाऊ, तुमच्या म्हणण्यातला अर्धा धागा खरा आहे. २०१५ साली लीप नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्या बाळांना तीव्र एक्झिमा (त्वचेला खाज सुटून चट्टे येणं) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती, त्यांना ४ ते ११ महिन्यांत दाणे सुरू केले, तर पाचव्या वर्षी दाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. पण हे अ‍ॅलर्जी होण्याच्या आधीचं झालं. एकदा झाल्यावर घरीच खायला घालून ती मोडत नाही, मूल मोडतं. (धाकटं बाळ असेल तर कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारा, अख्खा दाणा मात्र लहान मुलाला कधीच नको, घशात अडकतो.)

खामलावाली: पाकिटांचं राहिलं. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दाणे, काजू-बदाम, दूध, अंडी, सोया, गहू, मासे वगैरे असतील तर 'कंटेन्स' म्हणून वेगळं छापावं लागतं. तीळ त्या यादीत नाही, म्हणून तिळाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी पूर्ण घटक वाचावेत. सुट्या मिठाईला हे काहीच नाही. काजूकतलीत दाण्याची पूड मिसळणारेही असतात, तेव्हा सुटी मिठाई आमच्याकडे बंद.

तान्हा पोळा: आम्ही सोसायटीच्या ग्रुपवर आधीच टाकतो, 'आमच्या नंदीला बोजारा फक्त नाणी.' बाकीचा खाऊ आला तर घरी येऊन बदली, माझ्याकडे एक डबा तयार असतो. यंदा तो काय बदलून घेणार याचीच त्याला जास्त उत्सुकता आहे.

मूळ प्रश्नकर्ती: सगळ्यांचे आभार. रिपोर्ट काढून बघितला, आयजीजीच आहे. वरण चालू. बेसनाचे लाडू ती आवडीने खाते, काही होत नाही, तरी डॉक्टरांना विचारेन. आईंना धंतोलीकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. 'मिलीग्रॅम म्हणजे किती ते मला दाखव' म्हणाल्या, मग कूट नाही म्हणून मिठाचे दाणे काट्यावर ठेवून दाखवले. काटा हललाच नाही. त्यावर गप्प बसल्या आणि विचारलं, संत्री कधी आणायची.

एकच राहिलं. इंचभर सुईची ती एक मिलीलीटरवाली सिरिंज कोपऱ्यावरच्या दुकानात नाही म्हणाले. मेडिकल चौकात मिळेल का? कोणी अलीकडे घेतली असेल तर सांगा.

खामलावाली: मिळेल. सिरिंज आणि सुई वेगवेगळी मागा, सुई २३ किंवा २५ नंबरची, एक इंच. जास्तीच्या घेऊन ठेवा, सरावात वाकतात.