रूट ६६: सेलिगमन-ओटमन की सरळ आय-४०?

मंडळी, नमस्कार.
थँक्सगिव्हिंगला ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफहून लॉस एंजेलिसला गाडीनं निघतोय. सोबत सासूसासरे आणि लेक. रूट ६६ पाहायचाच, असा सासऱ्यांचा हट्ट आहे. मॅपवर तर सगळीकडे आय-४० हा नवा महामार्गच दिसतो. जुना रस्ता उरलाय का कुठे?
— फ्लॅगस्टाफची सूनबाई

---

सूनबाई,
सासऱ्यांचं ऐका, पण सगळा ६६ करायच्या फंदात पडू नका. १९२६ सालचा हा शिकागो-कॅलिफोर्निया रस्ता १९८५मध्ये सरकारी यादीतून निघाला आणि बऱ्याच ठिकाणी आय-४०खाली गडप झाला. सेलिगमन ते किंगमन मात्र तो रेल्वेला धरून उत्तरेकडून वळसा घेतो. आय-४० सरळ गेला, म्हणून हा तुकडा वाचला. लेकीला मालगाडीचे डबे मोजायला बसवा, संपता संपत नाहीत.

सेलिगमनला थांबाच. १९७८मध्ये आय-४०नं गावाला वळसा घातला आणि तिथली वर्दळ एका दिवसात आटली. एंजल डेल्गाडियो या न्हाव्यानं आसपासच्या लोकांना जमवलं, १९८७मध्ये संघटना काढली आणि राज्य सरकारला हा रस्ता 'ऐतिहासिक' जाहीर करायला लावलं. कॉफीचे मग आणि टोप्या नाही घेतल्यात तरी चालेल, त्याचं केशकर्तनालय चुकवू नका. पुढे पीच स्प्रिंग्ज हे हुआलापाई या मूलनिवासी लोकांचं मुख्य गाव, मग हॅकबेरीचं जुनं जनरल स्टोअर. किंगमननंतर सिटग्रीव्ह्ज घाट उतरलात की ओटमन. सोन्याच्या खाणी बंद पडल्या, पण खाणवाल्यांच्या गाढवांचे वंशज अजून भर रस्त्यात उभे असतात.
— मेसावाले काका

---

काका, घाट एका वाक्यात उतरवलात की!
वळणं एकदम आवळ, रस्ता अरुंद, कित्येक ठिकाणी कठडा नाही. चाळीस फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे. पूर्वी तर बाहेरचे लोक घाटापुरता स्थानिक ड्रायव्हर भाड्यानं घेत. १९५२मध्ये युक्का गावावरून नवा रस्ता झाला तो उगीच नाही. सासूबाईंना गाडी लागत असेल तर किंगमनहून सरळ आय-४० पकडा. घाट करणारच असाल तर उजेडात करा, नोव्हेंबरात साडेपाचला अंधारतं. आणि कॅलिफोर्नियात घड्याळ एक तास मागे, हॉटेलवाल्याला वेळ कळवताना लक्षात ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसानं या रस्त्यावर फ्रेंच फ्राइजवर भिस्त ठेवू नये. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. पेट्रोल किंगमनला भरून घ्या.
— टेम्पीची ताई

---

काका, ताई, आभार! सासूबाईंना गाडी लागत नाही, गाडी लागते ती मला. तरी घाट ठरला. रात्री किंगमनला राहू, सकाळी ओटमन. गाढवांना दशमी चालते का, असं लेकीनं विचारलंय.
— सूनबाई

---

दशमी नको. तिथल्या दुकानात वाळल्या गवताच्या वड्या मिळतात, त्या द्या. शिंगरांना तर काहीच भरवू नका, घशात अडकतं. आणि गाडीची काच खाली ठेवून थांबू नका, मुंडकं थेट आत येतं.
— मेसावाले काका