जास्त राज्यकर भरून खरंच चांगलं सरकार मिळतं का? न्यू जर्सी की टेक्सस

रारिटनकाठ
ओळखीतली बरीच मराठी कुटुंबं न्यू जर्सी सोडून डॅलस-ऑस्टिनकडे गेली. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: टॅक्स. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही. २०१९ मध्ये मतदारांनी राज्यघटनेतच त्याला बंदी घातली. आमच्याकडे न्यू जर्सीत दहा लाख डॉलरवरच्या उत्पन्नाला १०.७५ टक्के, आणि प्रॉपर्टी टॅक्स तर देशात सगळ्यात जड. २०२४ मध्ये सरासरी बिल १०,००० डॉलरच्या पुढे गेलं. पण त्या पैशातून काय उभं राहिलं? गरीब शाळांच्या निधीवरच्या ॲबट खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये आदेश दिला आणि ३१ गरीब शाळा-जिल्ह्यांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना मोफत, दर्जेदार बालवाडी मिळाली. टेक्ससने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार आजवर केलेला नाही, आणि आरोग्यविमा नसलेल्यांचं प्रमाण तिथेच देशात सर्वाधिक आहे. आपल्याला विमा नोकरीतून मिळतो, त्यामुळे हे जाणवत नाही. राज्य चांगलं की वाईट हे ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही त्याला विचारावं.

फ्रिस्कोवासी
बालवाड्यांबद्दल वाद नाही. पण तुमच्या करातला किती पैसा तिथे जातो? एवढ्याशा राज्यात ५६४ नगरपालिका! शेजारच्या दोन गावांचे पोलीसप्रमुख वेगळे, कचऱ्याची कंत्राटं वेगळी, बहुतेकदा शाळामंडळंही वेगळी. यातून सेवा दुप्पट होत नाही, पगारपत्रकं दुप्पट होतात.

त्याहून गंभीर गोष्ट पेन्शनची. राज्याने कर्मचाऱ्यांच्या निधीत आपला वाटा वर्षानुवर्षं पूर्ण भरला नाही. रोखे विकताना गुंतवणूकदारांना ही तूट नीट सांगितली नाही, म्हणून २०१० मध्ये रोखे बाजाराच्या केंद्रीय नियामकाने न्यू जर्सीवर फसवणुकीचा ठपका ठेवला. एखाद्या राज्यावर अशी कारवाई तेव्हा पहिल्यांदाच झाली. कर तेव्हाही कमी नव्हते. सरकारच्या हाती जास्त पैसा आला की ते शहाणं होतं, यावर माझा विश्वास नाही. जुन्या सरकारांची थकबाकी आजचा करदाता फेडतोय, आणि त्यालाच तुम्ही चांगल्या राज्याची किंमत म्हणताय.

ब्लूबॉनेट
मी ह्यूस्टनची. "टेक्ससमध्ये टॅक्स नाही" हे ऐकून येणाऱ्यांनी आधी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघावं. भाड्याने राहणाराही घरमालकामार्फत तो भरतोच. वर सेल्स टॅक्स ८.२५ टक्क्यांपर्यंत. घरकाम करणाऱ्या बाईच्या कमाईतला जेवढा हिस्सा असा जातो, तेवढा माझ्या पगारातला जात नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. आणि फेब्रुवारी २०२१ ची थंडी? वीज गेली, पाणी गेलं, सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली.

फ्रिस्कोवासी
विजेचं संकट नियमनाच्या अपयशाचं होतं. वीजकेंद्रांना थंडीपासून संरक्षणाची सक्ती करायला इन्कम टॅक्स लागत नाही.

ब्लूबॉनेट
लागत नाही, कबूल. पण २०११ च्या थंडीतही वीज गेली होती. तपासानंतर संरक्षणाच्या शिफारशी झाल्या, तरी सक्ती झाली नाही. सरकारने शक्यतो कशातच पडू नये, या एकाच विचारातून कमी कर येतो आणि सैल नियमनही.

नाशुआकर
न्यू हॅम्पशायरकडेही बघा. पगारावर राज्याचा कर नाही, सेल्स टॅक्स नाही, २०२५ पासून व्याज-लाभांशावरचाही गेला. तरी गरिबी देशातल्या सर्वांत कमी राज्यांत. अर्थात आमच्या दक्षिण भागातले कितीतरी जण रोज मॅसॅच्युसेट्समध्ये नोकरीला जातात, म्हणजे शेजाऱ्याच्या सुबत्तेचा आम्हाला फायदा आहे.

रारिटनकाठ
नाशुआकर, तुमच्याकडे जमलं म्हणून सगळीकडे जमत नाही. कॅन्ससने २०१२ मध्ये कर धडाधड कापले. तिजोरी रिकामी झाली, २०१५ मध्ये काही शाळा-जिल्ह्यांना पैशाअभावी वर्ष लवकर संपवावं लागलं. २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने रिपब्लिकन गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून कर परत वाढवले.

फ्रिस्कोवासी, ५६४ नगरपालिकांवर इलाज आहे: गावं एकत्र करा. प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप २०१३ मध्ये एक झाल्याच ना!

फ्रिस्कोवासी
झाल्या. पण त्या वाटेने पुढे किती गावं गेली? बिल भरायला लोक तयार आहेत तोवर कोणती नगरपालिका स्वतःहून बंद होईल?