पीटी सममिती: नवं भौतिक की जुन्याच समीकरणांना नवं लेबल?

तिरकस_किरण (धागाकर्ता):
बेंडर आणि बोचर यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की हॅमिल्टोनियन (ऊर्जापातळ्या ठरवणारं गणिती रूप) हर्मिशियन नसला (म्हणजे उत्तरं वास्तव संख्याच येतील ही नेहमीची हमी नसली) तरी पीटी सममितीमुळे (डावं-उजवं आणि काळाची दिशा एकदम उलटवली तरी व्यवस्था तीच) ऊर्जापातळ्या वास्तव राहू शकतात. प्रकाशवाल्यांनी ते पुढे उचललं: एका वेव्हगाइडमध्ये (प्रकाश वाहून नेणाऱ्या वाटेत) गेन (प्रकाशाची वाढ), शेजारच्यात तेवढाच लॉस (घट). पण दोन बाय दोनचं मॅट्रिक्स सोडवलं की झालं! गेन-लॉस कपलिंगच्या (दोन वाटांमधल्या प्रकाशाच्या देवाणघेवाणीच्या) वर गेला की आयगेनमूल्यं (त्या मॅट्रिक्सची उत्तरं) संमिश्र होतात. कपल्ड-मोड सिद्धान्त (मोड म्हणजे प्रकाशाची एकेक ठरावीक कंपनरचना) कधीचा पाठ्यपुस्तकात आहे. वर ‘एका बाजूने अदृश्य’ असले मथळे.

परावर्तित:
वेव्हगाइडपुरतं मान्य. विकिरणाकडे (रचनेवर पडलेला प्रकाश किती परततो, किती आरपार जातो याकडे) बघा. गेन-लॉस नसलेल्या एकमितीय रचनेत दोन्ही बाजूंचं परावर्तन सारखंच, आणि परावर्तन अधिक पारगमन बरोबर १. पीटी रचनेत हा नियम मोडतो, पण मोकाट सुटत नाही. पारगमन आणि १ यांतल्या फरकाचा वर्ग = डावं परावर्तन गुणिले उजवं परावर्तन. म्हणजे पारगमन नेमकं १ असेल, तर एका बाजूचं परावर्तन शून्य व्हायलाच हवं; दुसऱ्या बाजूचं कितीही मोठं चालेल. हे तुमच्या पाठ्यपुस्तकात कुठे होतं?

तिरकस_किरण:
सूत्र सुंदर आहे, नाकारत नाही. पण पारगमन दोन्हीकडून सारखंच ना? रेषीय, अचुंबकीय रचनेत ते असणारच. तरी लोक यातून ऑप्टिकल डायोड (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारं साधन) बनवायला निघतात. शिवाय क्रेमर्स-क्रोनिगमुळे (पदार्थाचं शोषण आणि अपवर्तनांक यांना बांधणाऱ्या नियमामुळे) गेन-लॉसचा अचूक तोल सुट्या वारंवारतांनाच जमतो, अख्ख्या पट्ट्यावर नाही.

शंकासूर:
सेन्सरचंही सांगा की. एक्सेप्शनल पॉइंटपाशी (गेन-लॉस कपलिंगइतका होतो त्या बिंदूपाशी) वारंवारतेतली फूट मोजायच्या बदलाच्या वर्गमुळाइतकी, म्हणून संवेदनशीलता प्रचंड, असा २०१७ मधला गाजावाजा. पण तिथे दोन मोड एकच होतात, त्यामुळे गोंगाटही फुगतो. २०२० मध्ये ब्रिलुआँ लेसर जायरोस्कोपवर (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या लेसर-उपकरणावर) तपासलं, तर जेवढा प्रतिसाद वाढला तेवढीच रेषारुंदी (लेसरच्या वारंवारतेतला पसरटपणा) वाढली. हातात शून्य.

परावर्तित:
त्या एका सेन्सरवरून सगळं क्षेत्र मोडीत काढणार का? २०१४ मध्ये रिंग लेसरच्या जोडीला मुद्दाम लॉसवाली रिंग जोडून एकच मोड टिकवून दाखवला. नको असलेले मोड कपलिंगच्या उंबरठ्याखालीच अडकतात, हवा तो तेवढा ओलांडतो. लॉस हे डिझाइनचं हत्यार झालं.

तिरकस_किरण:
लेसरचं मान्य. डायोडवाल्यांना मात्र सोडणार नाही.