जुन्या गेमिंग पीसीची रॅम वाढवताना: अनुभव धागा

धागाकर्ता

मंडळी, दहा-बारा वर्षांपूर्वीचे असेंबल्ड पीसी अजून बऱ्याच घरांत गेम चालवतायत. आत इंटेलचा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि मधल्या काळात घातलेलं बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड. एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम) आकडा ५०-६० दाखवतो, पण गेममध्ये गाडी वळवली की चित्र क्षणभर गोठतं. ‘रॅम वाढव’ म्हणणारे दहा जण भेटतात, कुठली आणि कशी हे सांगणारा एखादाच. तेवढंच इथे लिहा: बोर्ड, प्रोसेसर, रॅमची पट्टी, स्लॉट, काय अडलं आणि का अडलं. ‘टाकली, आता लोण्यासारखं चालतंय’ एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या.

ताळेबंद

खरेदीच्या आधी निदान. ६० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. सगळ्या फ्रेम वेळेत येऊन मधलीच एखादी १५० मिलिसेकंद घेते, तेव्हा सरासरी फारशी हलत नाही, पण डोळ्याला झटका बसतो. म्हणून सरासरी बघू नका. एमएसआय आफ्टरबर्नर या मोजमापाच्या प्रोग्रॅमसोबत येणारा रिवाट्यूनर लावून फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख पडद्यावर आणा आणि गेम किमान २० मिनिटं चालू द्या. रॅम हळूहळू भरते, पहिल्या दोन मिनिटांत काही कळत नाही.

त्याच वेळी मागे विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडा ठेवा आणि मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख बघा. रॅममध्ये हवा तो डेटा नाही, तो डिस्कवरून आणावा लागला, याची ही नोंद. फ्रेमटाइमचा सुळका आणि हार्ड फॉल्टचा सुळका बरोबरीने उठत असतील तर संशय पक्का. गेम नवीन भाग लोड करतो तेव्हाही हार्ड फॉल्ट होतात, म्हणून दुसरा पुरावाही घ्या: टास्क मॅनेजरमधला ‘कमिटेड’. ८ जीबीच्या पीसीवर तिथला पहिला आकडा ११-१२ दिसत असेल तर उरलेलं ओझं पेजफाइलवर, म्हणजे डिस्कवर जात असण्याची शक्यता मोठी. ती डिस्क फिरती असेल तर बघायलाच नको.

रॅम घालून न जाणारे झटके तीन प्रकारचे:

चार कोर-चार थ्रेडचा प्रोसेसर (उदा. आय-फाइव्ह ३४७०) सतत १०० टक्क्यांवर असेल, तर दोष तिथला.

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी भरली असेल तर कार्ड साध्या रॅममधून उधारी घेतं. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर ‘शेअर्ड’चा आकडा फुगताना दिसतो. २ जीबीच्या जीटीएक्स १०५० ला स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ११२ जीबी मिळतात, पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या वाटेने जेमतेम १६. इथे टेक्स्चर एक पायरी खाली आणणं हाच उपाय, आणि तो फुकट आहे.

तिसरा प्रकार शेडरचा, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम ऐनवेळी तयार होण्याचा. एखाद्या जागी पहिल्यांदा झटका बसतो आणि परत तिथूनच गेलात तर बसत नाही. त्याचा रॅमशी संबंध नाही.

चारस्लॉटवाला

किती घ्यायची, हे गेमच सांगतात. रेड डेड रिडेम्प्शन २ किमान ८ आणि शिफारस १२ जीबी सांगतो. एल्डन रिंगला किमान १२ लागते. सायबरपंक २०७७ ची किमान अट २०२३ साली १२ जीबी झाली आणि सोबत एसएसडीही सक्तीची झाली. हॉगवर्ट्स लेगसी तर १६ वरच सुरू होतो. तेव्हा १६ धरून चाला. इंटेलच्या एच६१ आणि एच८१ चिपसेटच्या बोर्डांची कमाल मर्यादाही १६ च, दोन स्लॉट आणि प्रत्येकी जास्तीत जास्त ८. विंडोज ३२-बिट असेल तर ४ च्या वरची रॅम वापरलीच जात नाही, ते आधी बदला.

आता डीडीआर३ (रॅमची जुनी पिढी, डीडीआर४ तिच्या पुढची) मधला सापळा. ऑनलाइन ८ जीबीची पट्टी संशय यावा इतकी स्वस्त दिसते आणि वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरात ‘फक्त एएमडीसाठी’ असतं. त्या पट्टीवरच्या चिपा चार-बिटी असतात. इंटेलचे साधे प्रोसेसर त्या ओळखत नाहीत: पीसी सुरूच होत नाही, किंवा निम्मीच रॅम दिसते. पट्टी खराब नसते, जागा चुकलेली असते. लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत हातात घेऊन विकत घेत असाल तर आपल्याच बोर्डावर लावून दाखवायला सांगा, बोर्ड नेणं शक्य नसेल तर बदलून देण्याची बोली बिलावर लिहून घ्या.

व्होल्टेजही बघा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ ची. ‘एल’वाली पट्टी बहुतेक जुन्या डेस्कटॉप बोर्डांवर १.५ वरही निमूट चालते. उलटं मात्र करू नका. सहाव्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर३एल घेतात, तिथे १.५ ची पट्टी लावून ठेवली तर प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला धोका असतो.

डीडीआर३ आणि डीडीआर४ ची अदलाबदल होत नाही. पिना २४० विरुद्ध २८८, खाचही वेगळ्या जागी. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका, बसणारच नाही.

गावठी ओव्हरक्लॉकर

वर सगळे जीबी मोजतायत. माझ्या मते निम्मा फरक चॅनलचा, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटांचा असतो. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी देते, दोन चॅनलवर दोन पट्ट्या २५.६. ८ ची एक घेण्यापेक्षा ४ च्या दोन बऱ्या आणि १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन. जुनी ४ असताना नवी ८ घातली तर इंटेलचे बोर्ड ४+४ दुहेरी चालवतात आणि उरलेली ४ एकेरी. ठीक आहे, गरिबीत चालून जातं.

चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. शेजारीशेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि पैसे पाण्यात. खात्री सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेमरी पानावर होते: ‘ड्युअल’ दिसलं पाहिजे. तिथे वारंवारता ७९८ दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका, डीडीआरमध्ये ती दुप्पट धरायची असते, म्हणजे १६०० च.

डीडीआर४ वाल्यांनी एक्सएमपी (पट्टीवर नोंदलेला जादा वेग लावणारी सोय) बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, चालू करावं, नाहीतर ३२०० ची पट्टी २१३३ किंवा २४०० वर झोपून राहते. पण इंटेलच्या एच११०, बी३६० अशा स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ओलांडता येत नाही. आय-फाइव्ह ६५०० ला २१३३, ७४०० ला २४००, ८४०० ला २६६६. तिथे महागड्या वेगाचे पैसे देऊ नका.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं गणित उलटं. त्याच्या आतल्या भागांना जोडणारी वाट रॅमच्या वेगानेच चालते, म्हणून पहिल्या पिढीच्या रायझनवर २१३३ वरून २९३३ ला गेलं की झटके खरंच कमी होतात. पण त्याच पिढीत चारही स्लॉट दुहेरी रँकच्या (चिपांचे दोन संच असलेल्या) पट्ट्यांनी भरले तर अधिकृत वेग १८६६ वर येतो. दोनच पट्ट्या ठेवा, आधी बायोस अद्ययावत करा, ३२०० धरत नसेल तर २९३३ वर समाधान माना.

खोडरबर

बसवणं पाच मिनिटांचं काम, पण त्यातच जास्त गोंधळ होतात. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. पट्टीच्या दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते, दुसरं टोक अर्धवट राहिलेलं दिसतच नाही. ‘डिस्प्ले येत नाही’ची पहिली चौकशी तिथे. नवीन रॅमनंतर पहिल्यांदा सुरू होताना पीसी दोन-तीनदा आपणहून बंद-चालू होऊ शकतो, पडदा मिनिटभर काळा राहतो. घाबरून स्विच बंद करू नका.

तरीही काही नाही? एकच पट्टी लावून बघा, मग दुसरी. बायोसची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून परत लावा. पट्टीच्या सोनेरी पिना मऊ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा ब्रशने झटका. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर अजून चांगलं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर हा उपाय किती वेळा लागू पडतो ते रिपेरिंगवाल्यांना विचारा. स्लॉटच्या आत मात्र काही घासू नका.

१६ लावली आणि ८ च वापरात दिसतेय, बाकी ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’? विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’ची खूण असेल तर काढा. नसेल तर कूलरचे स्क्रू बघा. एका कोपऱ्यात जास्त आवळले किंवा सॉकेटची पिन वाकली की एक अख्खा चॅनल गायब होतो.

शेवटी मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवरून रात्रभर. एकसुद्धा चूक आली तर पट्टी नापास, ‘एकच तर आहे’ असं नसतं. एक्सएमपी बंद केल्यावर चुका थांबल्या तर वेग एक पायरी खाली घ्या.

लॅपटॉपवाली

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. चौथ्या पिढीपासून पुढच्या डीडीआर३ लॅपटॉपांना १.३५ व्होल्टचीच लागते, २०४ पिनांची. डीडीआर४ ची २६० पिनांची. मागचं झाकण उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. पट्टी तिरकी सरकवून मग खाली दाबायची. ४ जीबी बोर्डावरच चिकटवलेली आणि एकच स्लॉट असेल तर तिथे ४ घातली की पूर्ण दुहेरी, ८ घातली की वर सांगितलंय तसं अर्धवट. गेमसाठी तरीही ८ च घाला.

ज्यांचं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे (डेस्कटॉपवर रायझन २२००जी, ३४००जी) त्यांनी एका पट्टीवर राहूच नये. तिथे रॅम हीच ग्राफिक्सची मेमरी, आणि तिच्यातली थोडी, बऱ्याचदा २ जीबीपर्यंत, आधीच बाजूला काढलेली असते. एफपीएसमध्येच फरक पडतो, फ्रेमटाइमचा आलेख बघायची गरज पडत नाही.

ताळेबंद

एक राहिलं. १६ झाली म्हणून पेजफाइल बंद करू नका. बरेच गेम लागेल त्याहून जास्त मेमरी आधीच राखून ठेवतात, ती राखीव जागा मिळाली नाही की डेस्कटॉपवर आपटतात. पेजफाइल एसएसडीवर ठेवा, आकार विंडोजला ठरवू द्या.