मदत हवी आहे: खाजन शेतीवरच्या मुलाखती आणि कार्यशाळेसाठी माणसं कशी निवडू?

नमस्कार मंडळी,

समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. प्रबंधाचा विषय गोव्यातल्या दिवाडी-चोडण बेटांच्या पट्ट्यातल्या खाजन जमिनी (खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं): बांध आणि मानस (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) कोण सांभाळतं, पाणी कधी आत घ्यायचं हे कोण ठरवतं. आधी एकेकाच्या मुलाखती, मग त्यांतल्याच काहींना बोलावून नकाशा मांडून एक दिवसाची कार्यशाळा, असा बेत आहे. कोणाशी बोलायचं, इथे गाडी अडली आहे.

सोपी वाट म्हणजे टेनंट असोसिएशनच्या (कुळांच्या संघटनेच्या) पदाधिकाऱ्यांकडून नावं घ्यायची. ते अगदी आपुलकीने मदत करताहेत. पण मिळालेल्या पहिल्या यादीत एकही बाई नाही, आणि लावणी तर बायकाच करतात. 1964च्या कूळ कायद्यात 1976 साली पाचवी दुरुस्ती होऊन कुळं जमिनीची मालक झाली. त्यामुळे एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावरून नावं काढली तर मालक सापडतील, मजुरीवर राबणारे सापडणार नाहीत. एकाने दुसऱ्याचं नाव सांगायचं ही साखळी पद्धत वापरली, तर साखळी त्याच ओळखीपाळखीत फिरत राहील असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून आधी गट ठरवून मग माणसं शोधावीत असा विचार आहे: अजून कोरगुट (खारं पाणी सोसणारं भात) पेरणारे, शेत पडीक टाकून पणजीला नोकरीला जाणारे, लावणीच्या बायका, कोमुनिदादीचे (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे) जुने गावकार, म्हणजे सभासद, आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव घेणारे. शेवटचा गट मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांना सुंगटं (कोळंबी)-मासळीसाठी भरतीचं पाणी आत हवं असतं, शेतकऱ्याला पिकात खारं पाणी नको असतं. खरा वाद तिथेच आहे.

आता प्रश्न.

मुलाखती किती पुरतात? घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या 60 मुलाखतींवरचा 2006चा अभ्यास वाचला. पहिल्या 12 मुलाखतींतच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. पण तिथे गट बराचसा एकसारखा होता. माझ्याकडे पाच वेगळे गट, मग प्रत्येकात किती? नवीन मुद्दा येईनासा झाला की थांबायचं, हे गटागणिक पाहायचं की एकूण?

कार्यशाळेत सगळ्यांना एकत्र बसवू का? असोसिएशनच्या अध्यक्षांसमोर त्यांच्याच शेतात मजुरीला जाणारी बाई मोकळेपणी बोलेल असं मला वाटत नाही. आधी दोन वेगळ्या बैठका आणि नंतर एक एकत्र, असं कोणी केलंय का? शिवाय काहींना देवनागरी वाचता येते, काहींना फक्त रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी. म्हणून चिठ्ठ्यांवर लिहून घेण्याऐवजी चित्रं आणि तोंडी कोकणी वापरणार आहे.

मजुरी बुडणाऱ्यांना त्या दिवसाचा रोज द्यायलाच हवा, याबद्दल मला शंका नाही. पण तो फक्त त्यांनाच द्यावा की सगळ्यांना सारखा? फक्त काहींना दिला तर गावात कुजबुज होईल, आणि त्याचा त्रास त्या बायकांनाच.

तारीख चवथ (गणेश चतुर्थी) आणि चर्चची फेस्तं टाळून, कापणी उरकल्यावर धरते आहे. बेटावरच्या लोकांची फेरीबोटीची वेळ सांभाळावी लागेल, म्हणून जागा बेटावरच घेणार.

तिसवाडी तालुक्यात (ही बेटं त्यातच येतात) किंवा कुठल्याही खाजन गावात असं काम केलेल्यांनी कृपया लिहा. विशेषतः पदाधिकाऱ्यांना न दुखावता त्यांच्या यादीबाहेरच्या माणसांपर्यंत कसं पोचलात, ते सविस्तर सांगा. सेल्फ-हेल्प ग्रुपच्या बायकांमार्फत जावं का?