जेम्सटाउनला नदीकाठी राहून माणसं उपाशी का मेली?

चोपडा_तालुका:
मे १६०७ ला इंग्रज अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी उतरले. १०४ जण होते, जानेवारी १६०८ पर्यंत ३८ उरले. १६०९-१० च्या हिवाळ्यात तर काहीशे माणसांतून साठेकच वाचली. नदीत मासे, रानात हरणं, जमीनही नापीक नाही. जिथे वाचावं तिथे ‘आळशी साहेबलोक होते’ एवढंच उत्तर. तेवढंच कारण का? आणि बैल-नांगराशिवाय मका लावायचे कसे?

गिरणाकाठ:
आळस नंतर बघू, आधी पाणी बघा. तापी-गिरणा डोळ्यासमोर आणू नका. जेम्सटाउनपाशी नदीला समुद्राची भरती-ओहोटी आहे. उन्हाळ्यात वरून येणारा प्रवाह घटला की खारं पाणी आत सरकतं. जॉर्ज पर्सी तिथेच होता, त्याने लिहून ठेवलंय की भरतीला पाणी खारट आणि ओहोटीला गाळ-घाणीने भरलेलं. वस्तीचा मैला वाहून जात नाही, तिथेच मागेपुढे फिरतो आणि तेच पाणी पोटात. अंगावर सूज, रक्ताची हगवण, ताप. पहिल्या उन्हाळ्यातले बरेच मृत्यू असे झाले. किल्ल्यात विहीर खणायला १६०९ उजाडलं.

त्यात खायला काय, तर माणशी दिवसाला अर्धा पाइंट गहू आणि तेवढंच सातू, पाण्यात उकडून. प्रत्येकी पाव लिटरच्या मापाहून थोडं जास्त. तेही जहाजाच्या तळात २६ आठवडे पडून किडलेलं. एवढ्यावर लाकडं तोडून किल्ला उभा करायचा.

आणि दुष्काळ! तिथल्या सायप्रस झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून निघालंय की १६०६ ते १६१२ ही सुमारे ७७० वर्षांतली सगळ्यात कोरडी सात वर्षं. तिथले मूळ रहिवासी पोहाटन, त्यांचाच मका कमी पिकला, ते विकणार काय? इंग्रजांनी त्यांच्यावर बळजबरी केली तेव्हा भांडण पेटलं.

पाटणादेवी:
मक्याचं सांगते. प्लिमथ या इंग्रजांच्या उत्तरेकडच्या दुसऱ्या वस्तीची नोंद जास्त नेमकी आहे म्हणून ती घेते. तिथे १६२४ पर्यंत गुरंच नव्हती. मोठं झाड तोडत बसायचं नाही. खोडाभोवती सालीचा पट्टा काढला की झाड उभं वाळतं, सावली जाते. मग कुदळीने साधारण चार-चार फुटांवर मातीचे लहान ढिगारे करायचे, प्रत्येकात चार-पाच दाणे टोकायचे. कोंब वर आले की भोवती घेवडा आणि भोपळा. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची पानं तण दाबतात.

जमीन हलकी, म्हणून ढिगाऱ्यात मासे पुरायचे. हे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी टिस्क्वांटमने शिकवलं. मासे एप्रिलमध्ये ओढ्यात चढतात, पेरणीही तेव्हाच. मासे पुरल्यावर पहिले काही दिवस रात्रीची राखण हवी, नाहीतर लांडगे उकरतात आणि बीही जातं. १६२१ ला असा वीसेक एकर मका चांगला आला. इंग्लंडहून आणलेलं सातू जेमतेम, वाटाणा तर उन्हाने फुलोऱ्यातच करपला.

चोपडा_तालुका:
ताई, मग जेम्सटाउनने साठवण केली नव्हती का?

गिरणाकाठ:
केली होती, पिंपांत. १६०९ ला उघडली तर अर्धा मका कुजलेला, उरलेला उंदरांनी खाल्लेला. हे उंदीर इंग्रजांच्याच जहाजांतून उतरलेले. त्याच जुलैत ‘सी व्हेंचर’ हे मुख्य जहाज बर्म्युडाला खडकावर गेलं, म्हणजे अधिकारी आणि मोठी रसद दोन्ही नाहीत. हिवाळ्यात पोहाटनांचा वेढा. शिकारीला बाहेर पडला तो मेला. घोडे, कुत्री, उंदीर, बुटांचं कातडं संपल्यावर माणसाचं मांसही खाल्लं गेलं. २०१२ मध्ये सापडलेल्या चौदाएक वर्षांच्या मुलीच्या कवटीवर तसे घाव आहेत.

शिकले का? १६१४ ला तंबाखू लंडनला विकली गेली आणि सगळे तिच्यामागे. कपाशीचा भाव बघून ज्वारीचं वावर मोडावं तसंच. १६१६ ला वस्तीचा कारभारी डेल याला हुकूम काढावा लागला की आधी दोन एकर मका, मग तंबाखू.

पाटणादेवी:
माशांचं राहिलं. जेम्सटाउनला स्टर्जन मासा उन्हाळ्यात मुबलक. १६०९ ला तो वाळवून, कुटून, पाला मिसळून भाकरीसारखा खाल्ला. हिवाळ्यात तो मिळत नाही. आळस म्हणायचाच तर इथे म्हणा: वस्ती बसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीच्याच १६१० च्या खुलाशात आहे की त्यांच्याकडची सगळी १४ जाळी वाळवली-सांधली नाहीत म्हणून कुजली, आणि मासेमारी बंद पडली.