टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीसाठी निवासी समर कॅम्प (न्यू जर्सी) : अनुभव हवेत

मृद्गंध :
आम्ही एडिसनला असतो. लेक दहा वर्षांची आहे, दीड वर्षापूर्वी टाइप १ निघाला. इन्सुलिनचा पंप आणि शुगर सतत मोजणारा सेन्सर दोन्ही आहे. गेल्या उन्हाळ्यात इथल्या एका डे कॅम्पने "आमच्याकडे नर्स नाही" म्हणून तिला घेतलंच नाही, फार रडली होती. यंदा तिला राहायच्या कॅम्पला जायचंय. डॉक्टरांनी स्टिलवॉटरचा कॅम्प नेजीडा सुचवलाय. पण रात्री शुगर उतरली तर? घरी अलार्म वाजायच्या आधीच मी उठून बसते. तिथे कोण उठणार? शिवाय आम्ही शाकाहारी. कुणाचं मूल गेलंय का?

आजोळ :
आमचा मुलगा जातो. बिनधास्त पाठवा. तो कॅम्प १९५८पासून टाइप १च्या मुलांसाठीच चालतो, त्यामुळे तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. रात्री वैद्यकीय टीममधलं कुणीतरी टॉर्च घेऊन केबिनमध्ये फिरतं. शुगर ७०च्या खाली दिसली की १५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), म्हणजे अर्धा कप ज्यूस, आणि पंधरा मिनिटांनी परत तपासणी. आपण करतो तेच, पण सवयीच्या हातांनी.

एक नक्की विचारा : इन्सुलिन किती कमी करणार? दिवसभर पोहणं-पळणं झालं की शुगर रात्री, कधी पहाटेसुद्धा घसरते. म्हणून पहिल्या दिवसापासूनच डोस साधारण १० ते २० टक्के उतरवतात आणि रोजचे आकडे बघून पुन्हा बदलतात. घरी आल्यावर तो कमी डोस तसाच चालू ठेवू नका, तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

मला सगळ्यात भावलं ते जेवणाचं टेबल. एकाचा पंप वाजला की सगळी पोरं आपापली कंबर चाचपतात! शाळेत शर्टाखाली पंप लपवणारा आमचा मुलगा आता तो उघड लावतो.

सोनचाफा :
हॉलिवूडचा अभिनेता पॉल न्यूमनने १९८८मध्ये कनेटिकटमध्ये सुरू केलेला होल इन द वॉल गँग कॅम्पही बघा, पूर्ण मोफत आहे.

आजोळ :
उत्तम कॅम्प आहे, पण तो मुख्यतः कॅन्सर किंवा सिकल सेल, हिमोफिलियासारखे रक्ताचे आजार असलेल्या मुलांसाठी. हिच्यासाठी मधुमेहाचाच बरा. फक्त मुलींचा हवा असेल तर मॅसॅच्युसेट्समध्ये १९३२ साली सुरू झालेला क्लॅरा बार्टन कॅम्प आहे. फी जड वाटली तर आर्थिक मदतीचा अर्ज करा, त्यात संकोच कसला? लवकर करा मात्र.

पाऊलवाट :
त्या डे कॅम्पबद्दल : निव्वळ मधुमेह आहे म्हणून मुलाला नाकारणं इथल्या अपंगत्व कायद्यात, म्हणजे एडीएमध्ये, बसत नाही. डॉक्टरांचा लेखी मधुमेह प्लॅन जोडून पुन्हा अर्ज करा आणि नकार आला तर तो लेखी मागा. बाकीचा उन्हाळा तिने घरात का काढावा?

मृद्गंध :
सगळ्यांचे मनापासून आभार. सेन्सरचे आकडे मला फोनवर दिसत राहतील का?

आजोळ :
बहुतेक कॅम्प पालकांना फॉलो (फोनवर आकडे बघायची सोय) बंद ठेवायला सांगतात. पहिल्या रात्री जीव टांगणीला लागतो, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्या नर्सला फोन करून विचारता येतं. पंपाचं सामान जास्तीचं द्या, पाण्यात खेळून चिकटपट्ट्या पटापट निघतात. शाकाहारी असल्याचं फॉर्ममध्येच लिहा. आणि हो, थालीपीठ-लाडू सोबत देऊ नका, तिथे प्रत्येक घासाचे कार्ब मोजलेले असतात.